थांबणाऱ्यांचं बाक

ओळ संपल्याची घंटी वाजली. उकंडरावांचा डावा हात रोजच्यासारखा टाइपरायटरच्या कॅरेजच्या दांडीवर गेला आणि रोजच्यासारखा तिथंच थांबला. मग त्यांनी मान वर करून पाहिलं, तर खोलीत कोणीच थांबलं नव्हतं. हेमसिंगची घंटी केव्हाच होऊन गेली होती, तुळसाबाईची आत्ता झाली आणि तिनं इकडंतिकडं न बघता दांडी ओढलीसुद्धा. पलीकडच्या पोरांच्या घंट्या तर बाजारच्या दिवशी बैलांच्या गळ्यातल्या वाजाव्यात तशा कुठूनही कशाही वाजत होत्या. वाशीमच्या ज्ञानवर्धक कमर्शियल इन्स्टिट्यूटमध्ये असा आवाज आजवर झाला नव्हता. तिथं सगळ्या मशिनी एकदम चालत, एकदम थांबत आणि एकदम ओढल्या जात. खालच्या तेलघाणीवाल्याला घड्याळाची गरज पडत नसे आणि समोरचा पानवाला त्या तालावर सुपारी कातरत असे. आज पानवाल्याचाही अडकित्ता चुकला असणार, असं उकंडरावांना वाटलं. विहिरीत पोहरा सोडावा, दोर हातातून सरसर जावा आणि पाणी लागल्याचा आवाजच येऊ नये, तसं त्यांना झालं. त्यांनी दांडी ओढली. ती ओढल्याचा आवाज त्यांना एकट्याला ऐकू आला, आणि तो इतका मोठा होता की आपण काहीतरी फाडलं की काय म्हणून त्यांनी कागदाकडं पाहिलं.

म्हटलं तर काहीच झालं नव्हतं. काल सुटी मेजं आली होती, आज पोरं सुट्या मेजांवर बसली होती. वरून तसा हुकूम होता, आणि हुकूम पाळणं हा उकंडरावांचा स्वभाव होता. इन्स्टिट्यूटचे ते व्यवस्थापकही होते आणि शिक्षकही. हजेरीपट नीट ठेवणं, शाईच्या दौती झाकणं, मशिनींना तेल देणं, परीक्षेचे अर्ज वेळेत अकोल्याला धाडणं आणि निकाल लागला की तो फळ्यावर अशा उंचीवर लिहिणं की वाचायला टाचा उंच कराव्या लागतील, हे सगळं ते करत. निकालाची ही उंची त्यांनी गेल्या वर्षीच वाढवली होती. गेल्या वर्षी इथून अकोल्याला गेलेल्या साऱ्या उमेदवारांत एकटा हेमसिंग पास झाला होता.

त्याचं कारण उकंडरावांना ठाऊक होतं, पण ते सरकारी कागदावर लिहिण्यासारखं नव्हतं. अकोल्याच्या हॉलमध्ये वाशीमचे उमेदवार घंटी वाजली की दांडीवर हात ठेवून अदबीनं उजवीकडं-डावीकडं बघत आणि शेजाऱ्याची ओळ संपेपर्यंत थांबत. शेजारी खामगावचा असो की मूर्तिजापूरचा, त्यानं दांडी ओढली की मग हे ओढत. शेजाऱ्यानं कागद बदलायला घेतला तर यांनी हात मांडीवर ठेवले. तुळसाबाईच्या शेजारच्या उमेदवाराची रिबन अडकली. तो बिचारा वेळ संपेपर्यंत ती सोडवत बसला आणि तुळसाबाई वेळ संपेपर्यंत दांडीवर हात ठेवून बसली. हेमसिंग तेवढा वाचला, कारण त्याच्या शेजारी अमरावतीचा एक उमेदवार होता आणि तो भूत लागल्यासारखा टाइप करत होता. "मी त्याच्यासंगं पळालो, मास्तर," हेमसिंगनं परत आल्यावर सांगितलं होतं. "थांबाची वेळच नाई आली. शेवटी माह्याच हाताले घाम आला अन त्याच्या नाई." त्याची मानोऱ्याकडच्या तांड्यात मिरवणूक निघाली, आणि सवय मोडू नये म्हणून तो पुन्हा रोज इथं येऊन बसू लागला. त्याचा बाप भाऊसिंग त्या साली कामाला बाहेर गेला नाही. पोरगा साहेब झाला म्हणून नव्हे, मिरवणुकीत नाचून पाय मुरगळला म्हणून.

थांबण्याची ही रीत जगदेव मास्तरांची. इन्स्टिट्यूट काढली त्यांनी, तीन जिन्यांवरून मशिनी वर नेल्या त्यांनी, आणि मेजांऐवजी एकच लांबलचक बाक बनवून घेतलं तेही त्यांनीच. मशिनी बाकावर आणि पोरं तेलाच्या रिकाम्या डब्यांवर. बाक एकच असल्यामुळं कोणी आधी कॅरेज ओढली की ते हलायचं आणि शेजारच्याचं अक्षर रेषेवरून घसरायचं. मग मास्तर चष्म्यावरून बघत म्हणत, "बाक हलते बापा. एकटा कोणी ओढू नका. समद्याइची ओळ झाली का मी हं म्हणीन." सगळ्यांची ओळ झाली की मास्तर "हं" म्हणत आणि सगळी खोली एका ओढीत पुढच्या ओळीवर जाई. उकंडराव तेव्हा पोरगेले होते. कापसाच्या जिनात डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलेलं, फडकं बांधलेला हात घेऊन ते त्या बाकाशी पहिल्यांदा बसले होते. मशिनीवरची डाव्या टोकाची अक्षरं त्या दोन बोटांची, आणि इंग्रजी भाषेला ती अक्षरं भारी लागतात. उरलेल्या मधल्या बोटानं तिघांचं काम करायचं. ते बोट अजून शेजाऱ्यांच्या वाट्याचं राबत होतं. उकंडरावांना त्याचं कौतुक होतं. मुळात जन्मल्याबरोबर आईनं त्यांना उकिरड्यावर लोळवून आणलं होतं, आधीची जगली नव्हती म्हणून, आणि त्यावरूनच हे नाव पडलं. तेव्हा जे शिल्लक राहिलं त्याचे आभार मानायची खोड त्यांना पहिल्या दिवसापासूनच होती.

मास्तर वारल्यावर "हं" म्हणायचं काम त्यांच्याकडं आलं. तेही रोज पोरांबरोबर टाइप करत आणि योग्य क्षणी "हं" म्हणत. पोरांत मंद कोण, सावकाश कोण, हे त्यांना चांगलं कळे. जरा सांभाळून घ्यावं लागतं, असं ते मनाशी म्हणत, आणि आपण सांभाळून घेतो याचं त्यांना मनातल्या मनात बरं वाटे. मास्तर गेल्यापासून बाक एकदाही हललं नव्हतं. त्याचं श्रेय ते आपल्या शिस्तीला देत.

आणि मग पोळ्याच्या आधी तपासणीचे नवे साहेब आले. राज्यं बदलली होती. वाशीम नागपूरच्या राज्यातून मुंबईच्या राज्यात गेलं होतं, जागचं न हलता. नागपूरचे साहेब येत ते जेवून जात आणि जाताना चांगला शेरा देत. हे साहेब पुण्याकडचे. स्टेशनवरून पायी आले, जिन्यात थांबले नाहीत आणि चहा नको म्हणाले. चहा न घेणारा साहेब उकंडरावांनी पाहिला नव्हता. 

"हे सगळे एकाच बाकावर का?" साहेबांनी विचारलं.

"बाक एकच हाये, साहेब."

"आणि एकदम का थांबतात?"

"बाक हलते, साहेब."

साहेबांनी वाकून बाकाखाली पाहिलं, मग भिंतीकडं पाहिलं. भिंतीवर मास्तरांचं प्रमाणपत्र चौकटीत होतं आणि त्याला चंदनाचा हार होता.

"तुमचं स्वतःचं प्रमाणपत्र?"

"मान्यता मास्तराईच्या नावावर हाये जी. त्याईचं लावलं हाये तिथं."

"ते वारले ना?"

"होय जी. पण मान्यता चालू हाये."

"उकंडराव," साहेब शांतपणे म्हणाले, "नव्या नियमांत वारलेल्या माणसाला शिकवता येत नाही." त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. प्रत्येकाला सुटं मेज द्यायचं, म्हणजे कोणी कोणासाठी थांबणार नाही. आणि ते पुन्हा येतील तेव्हा शिक्षकानं त्यांच्यासमोर पोरांबरोबर बसून परीक्षेच्या वेगानं टाइप करून दाखवायचं. जमलं तर ठीक; नाहीतर या संस्थेतून आलेले अर्ज यंदा घेतले जाणार नाहीत. साहेब गेल्यावर तुळसाबाई डब्यावरून उठली नाही. किन्हीराजा गावची ती, नवरा वारल्यावर मास्तरांच्या घरी राहून शिकत होती. मालेगावच्या कचेरीत तिच्यासाठी जागा ठेवली होती, पण यंदा पास झाली तरच. "मास्तर," ती म्हणाली, "तुमाले येते न तेवढं?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच तो उकंडरावांना लागला. "काहून नाई येणार?" ते म्हणाले, आणि मधल्या बोटाकडं बघितलं. 

मेजं पुंजाजी सुतारानं केली आणि जुनं बाक खाली मास्तरांच्या अंगणात नेऊन टाकलं. काल संध्याकाळी तो आणि उकंडराव तिथं उभे होते आणि मास्तरांच्या बायको मनकर्णाकाकू भाजी निवडत पायरीवर बसल्या होत्या. "याचे पाय कापून पाट करू काय?" पुंजाजीनं विचारलं. "करा," उकंडराव म्हणाले, "नाई तरी हलतेच." पुंजाजी बाकावर बसला. मग तो त्यावर उभा राहिला. मग त्यानं धोतराचा सोगा वर खोचून चक्क उडी मारली, आणि अंगणातल्या कोंबड्या सैरावैरा झाल्या, पण बाक होतं तिथंच होतं.

"कुठी हलते? माह्या बापानं बनवलेलं हाये हे. सागाचं. हत्ती बसवा."

"मशिनी असल्या का हलते," उकंडराव म्हणाले.

मनकर्णाकाकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "ते कवाच हलत नव्हतं बाप्पा," त्या म्हणाल्या. "मास्तर हलवत होते. गुडघ्यानं."

"काहून?"

"काहून म्हंजे? तुह्यासाठी. तू आला तवा हाताचं फडकंही सुटलं नव्हतं. पोट्टे पुढं निघून जात अन तू रडकुंडीले ये. मास्तर मले म्हणत, याच्यासाठी थांबा असं सांगतलं तं हे पोरगं उद्या येनार नाई. म्हून बाक हलवा लागते." काकूंनी एक देठ मोडला. "गुडघा सुजून जाय त्याईचा. मी एरंडेल चोळत बसो."

"त्याईले वात होता न?"

"लोकाइले वात सांगत. अन तूच तं निरगुडीचा पाला आणून दे दर हप्त्याले. मास्तर मले म्हणत, पाह्य, औषध बी त्याच्याच हातचं."

पुंजाजी हसला, मग उकंडरावांचं तोंड बघून थांबला आणि बाक उचलायचं सोडून तंबाखू मळू लागला. उकंडरावांना त्या वेळी काहीच वाटलं नाही. वाटलं ते घरी जाताना, पद्मतीर्थ तळ्याच्या काठानं, आणि तेही एकदम नाही. आधी नुसता निरगुडीचा वास आला. कडवट, हिरवा, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. रिसोडच्या रस्त्यानं जाऊन नाल्याकाठून तोडून आणलेला पाला, आणि तो हातात घेताना मास्तरांचा गंभीर चेहरा. आपण त्यांना सांगत होतो, मास्तर, पाय खाली सोडून बसत जाऊ नका, गार लागते. मास्तर म्हणत, बरं बापा. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाक हले. किती ओळी लिहिल्या असतील आपण त्या बाकावर. एकेका ओळीला एक गुडघा. माणसानं विद्या दिली तर नमस्कार करता येतो, पैसे दिले तर फेडता येतात, पण कोणी गुडघा दिला तर त्याचं काय करायचं, हे उकंडरावांना कोणी शिकवलं नव्हतं. लाज वाटायला हवी होती. आपण सावकाशांना सांभाळून घेतो म्हणून जे सुख खात होतो ते उष्टं होतं, हेही त्यांना दिसत होतं. "हं" आपण म्हणत होतो ते आपली ओळ झाली की. दुसरं कोणतं माप आपल्याकडं होतंच कुठं? सगळी इन्स्टिट्यूट आपल्या आठ बोटांच्या चालीनं चालली आणि त्या चालीनंच अकोल्याला जाऊन नापास झाली. हे सगळं लाजेचंच होतं. पण लाज येऊन बसायला जागाच नव्हती. ती सगळी जागा दुसऱ्याच कशानं तरी भरली होती, आणि ते इतकं ऊबदार होतं की भर काठावर उभं राहून उकंडरावांनी आपल्याच गुडघ्याला हात लावून पाहिला.

म्हणून आज सकाळी त्या सुट्या घंट्या ऐकताना त्यांना चुकल्यासारखं वाटलं आणि बरंही वाटलं. पोरं पुढं चालली होती. तास संपल्यावर त्यांनी सगळ्यांना बसवून घेतलं आणि बाकाची गोष्ट सांगितली, सगळी, गुडघ्यासकट. सांगून झाल्यावर कोणी चकित झालं नाही.

"आमाले ठाऊक होतं, मास्तर," हेमसिंग म्हणाला.

"गुडघ्याचं?"

"गुडघ्याचं नाई. तुमच्यासाठी थांबतो ते."

"मंग अकोल्याले कोणासाठी थांबले तुमी?"

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. तुळसाबाईनं पदर सारखा केला. "तिथं बी कोणाचं बोट गेलेलं असन," ती म्हणाली. "आपन पुढं निघून जानं बरं दिसत नाई."

 इतकी चांगली माणसं इतक्या वाईट निकालाला कारण झालेली उकंडरावांनी पाहिली नव्हती. "यंदा बरं दिसू देऊ नका," ते म्हणाले. "कोणी मेलं तरी थांबाचं नाई."

साहेब आले ते सोमवारी, पायीच. चहा नको म्हणाले, खिशातून घड्याळ काढलं, पंचवार्षिक योजनेवरचा उतारा वाटला आणि मेजांच्या मधून फिरत म्हणाले, "सुरू करा." उकंडरावांनी सुरू केलं. पहिल्या ओळीला त्यांना वाटलं, आपल्याला येतंय. मधलं बोट धावत होतं, आपल्या जागी, शेजाऱ्याच्या जागी, त्याच्याही शेजाऱ्याच्या जागी. धरणं, कालवे, पोलाद, सगळं बिनचूक पडत होतं. खोलीत वाटाणे सांडावेत तसा अक्षरांचा आवाज, घंट्यांवर घंट्या, आणि त्यातली एकही त्यांच्यासाठी अडत नव्हती. जा, जा, ते मनात म्हणत होते, तुळसाबाई, निघ तू. आणि तिची घंटी पुढं गेलेली ऐकून त्यांचे डोळे भरून येत आणि पोलाद धूसर दिसे. आपण मागं राहतोय हे त्यांना कळत होतं, पण का ते कळत नव्हतं, कारण बोट तर थकलं नव्हतं. साहेब म्हणाले, "थांबा." उकंडरावांच्या उताऱ्याचा शेवटचा परिच्छेद वाटलेल्या कागदावरच राहिला होता.

साहेबांनी कागद तपासले. पोरांचे बघून त्यांनी मान हलवली, आणि ती चांगल्या अर्थानं हलली. उकंडरावांचा कागद त्यांनी बराच वेळ धरला. "चूक एकही नाही," ते म्हणाले. "पण वेग कमी आहे."

 तुळसाबाई आपल्या कागदाकडं बघत होती, आणि तो कागद चांगला झाला होता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं म्हणूनच ते बघवत नव्हतं.

"साहेब," हेमसिंग उभा राहिला. "मास्तर थांबत होते."

"म्हणजे?"

"दर ओळीले. घंटी वाजली का दांडीवर हात ठेवून थांबत होते. मी मागं बसलो होतो. माहं ध्यान त्याईच्याकडंच होतं."

"आणि तरी तुमचा उतारा पुरा झाला?"

"अमरावतीवाल्याची सवय हाये जी," हेमसिंग म्हणाला.

साहेबांनी उकंडरावांकडं पाहिलं. "कोणासाठी थांबत होतात?"

उकंडरावांनी विचार केला. सगळी खोली पुढं गेली होती. मागं कोणी नव्हतंच. मास्तरांचं "हं" यायचं राहिलं होतं, हे उत्तर त्यांच्या ओठांवर आलं, पण नव्या नियमांत ते बसलं नसतं. "सवय, साहेब," ते म्हणाले. "बोटानं नाई झालं ते." आणि हे म्हणता म्हणता त्यांना नवल वाटलं, कारण ते खरं होतं. जन्मभर ज्या बोटांना दोष द्यायचा राहून गेला होता तो आता द्यायची गरजच नव्हती.

साहेब खिडकीपाशी गेले. खाली तेलघाणीचा बैल फिरत होता.  "नियम शिक्षकासाठी आहे," ते म्हणाले. "व्यवस्थापकाला टंकलेखन आलंच पाहिजे असा नियम नाही. इथं प्रमाणपत्र कोणाकडं आहे?"

सगळ्यांनी हेमसिंगकडं पाहिलं. हेमसिंगनं मागं वळून पाहिलं, पण त्याच्या मागं भिंत होती.

"मी? मी कसा, साहेब? मास्तराईले मी काय शिकवू?"

"दांडी ओढायला," साहेब म्हणाले. "शिक्षक म्हणून याचं नाव लावा, उकंडराव. अर्ज वेळेत पाठवा. मान्यता चालू राहील." मग ते रुमालानं मान पुसत डब्यावर बसले, तोच डबा ज्यावर मास्तर बसत, आणि म्हणाले, "चहा झाला असेल तर अर्धा कप घेईन."

अर्ज भरायला उकंडराव त्याच संध्याकाळी बसले. तुळसाबाईचा भरला, बाकी पोरांचे भरले, आणि मग एक कोरा अर्ज उरला. त्याच्यावर त्यांनी आपलं नाव घातलं. वयाच्या रकान्यात खरं वय घातलं. रकान्याला ते जरा घट्ट झालं. पण शेवटी एक अडचण आली. उमेदवाराची वर्तणूक कशी आहे याबद्दल संस्थेनं लिहून द्यायचं होतं. इतकी वर्षं ते उकंडरावच लिहीत, "चांगली", असं, सगळ्यांना एकाच अक्षरात. स्वतःबद्दल स्वतःच कसं लिहिणार? शिक्षक हेमसिंगकडं जावं तर तो रडला असता. म्हणून ते मनकर्णाकाकूंकडं गेले. इन्स्टिट्यूट कागदोपत्री त्यांचीच होती.

काकू चुलीपुढून उठल्या, हात पदराला पुसले आणि अर्ज कंदिलाजवळ धरून प्रत्येक रकाना बोटानं वाचला. "तू बसून राह्यला परीक्षेले?"

"होय काकू."

"या वयात?"

"हेमसिंग शिकवते न आता."

"मारते काय?"

"अजून नाई."

काकू हसल्या. "वागनूक कशी म्हणते रे इथं?"

"चांगली, असं लिहा. तेवढीच जागा हाये तिथं."

"मी पाहीन न काय लिहाचं ते," त्या म्हणाल्या आणि टाक शाईत बुडवून लिहायला बसल्या. त्यांना लिहायची सवय नव्हती. मास्तरांनीच शिकवलं होतं तेवढं. त्या लिहीत गेल्या आणि उकंडराव भिंतीला टेकून बसले. मास्तरांबद्दल काही बोलावं असं त्यांच्या मनात होतं. ते बोललेही: "काकू, त्याईचा गुडघा..."  काकूंनी मान वर केली नाही. "मध्ये बोलू नको," त्या म्हणाल्या, "ओळ चुकते."

अर्ज परत हातात आला तेव्हा शाई ओली होती. "चांगली" त्या जागेत बसलं होतं. त्यापुढचं मात्र रेषेबाहेर गेलं होतं, समासात चढलं होतं आणि खाली शिक्क्याच्या जागेवर उतरलं होतं: आता याच्यासाठी कोणी थांबू नये. दुसऱ्या कोणाचा असा अर्ज असता तर उकंडरावांनी तो फाडून नव्यानं लिहून घेतला असता. नियम तसाच होता. त्यांनी शाईवर टीपकागद ठेवला, तळहातानं हलकेच दाबला आणि तो अर्ज तुळसाबाईच्या अर्जावर ठेवून सगळा गठ्ठा अकोल्याच्या लिफाफ्यात घातला.